टोकियोचा सी-वन: नदीच्या डोक्यावरचा गोल रस्ता

आज आपल्याला टोकियोला जायचंय आणि तिथल्या एकाच रस्त्यावरून फिरायचंय. लांबी जेमतेम १५ किलोमीटर. रस्ता गोल आहे, त्यामुळे कितीही चालवा, निघालात तिथेच परत येता. नाव सी-वन. टोकियोत ‘शुतो एक्सप्रेसवे’ नावाचं टोलच्या रस्त्यांचं मोठं जाळं आहे, त्यातलं हे सगळ्यात आतलं वर्तुळ. ज्यांनी ‘टोकियो एक्स्ट्रीम रेसर’ हा गेम खेळलाय त्यांच्या बोटांना याची वळणं पाठ असतील. माझीही या रस्त्याशी ओळख तिथूनच झाली.

गेममध्ये जे दिसतं ते हवेतून आलेलं नाही बरं का. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रात्री इथे खरोखर शर्यती लागायच्या. त्या पोरांना ‘रूलेट’वाले म्हणायचे, कारण जुगाराच्या चाकावर गोटी फिरते तशा त्यांच्या गाड्या फिरायच्या. टोलही त्यांच्या सोयीचा होता. २०१२ पर्यंत तो अंतरावर ठरत नव्हता. शेवटच्या काळात ७०० येन एकदा भरले की रात्रभर गोल गोल फिरा, विचारणारं कुणी नाही. अपघातही व्हायचे. आणि या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा किती? ताशी ५० किलोमीटर! एक्सप्रेसवेवर ५० का, हा प्रश्न इथेच धरून ठेवा. आजची सगळी गोष्ट त्यातच आहे.

आधी एक चक्कर मारू. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाणाऱ्यांना बाहेरची बाजू मिळते आणि उलट जाणाऱ्यांना आतली. आपण आतल्या बाजूने निघू. एदोबाशीहून निघालो की कांदाबाशी, मग ताकेबाशी. तिथून सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकाला लागून रस्ता बोगद्यात शिरतो. मियाकेझाका इथे दोन एक्सप्रेसवे चक्क जमिनीखाली एकमेकांना मिळतात. संसदेच्या परिसरातून पुढे तानीमाची, मग इचिनोहाशी, मग हामाझाकीबाशी. इथे समुद्र जवळ येतो. शिओदोमे ओलांडलं की गिंझा, आणि गिंझात रस्ता अचानक खाली उतरतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, डोक्यावर पूल, आणि पुलांचे खांब थेट लेनच्या मधोमध. पहिल्यांदा गाडी नेणाऱ्याची इथे चांगलीच तंतरत असणार. मग क्योबाशी, ताकाराचो आणि परत एदोबाशी.

आता ही नावं पुन्हा ऐका. एदोबाशी, कांदाबाशी, ताकेबाशी, इचिनोहाशी, हामाझाकीबाशी, क्योबाशी. जपानीत ‘हाशी’ किंवा ‘बाशी’ म्हणजे पूल. हायवेच्या बऱ्याच फाट्यांची नावं पुलांची! मग पुलांखालचं पाणी कुठे गेलं?

तर झालं असं. मे १९५९ मध्ये १९६४ चं ऑलिंपिक टोकियोला मिळालं. चौदाच वर्षांपूर्वी हे शहर बॉम्बहल्ल्यांत जळून गेलेलं होतं. आणि आता त्याची लोकसंख्या एक कोटीकडे निघालेली, १९६२ मध्ये तो आकडा ओलांडलाही. रस्ते अरुंद, मोटारी रोज वाढणाऱ्या, हानेदा विमानतळावरून पाहुण्यांना मैदानांपर्यंत आणायचं कसं याची काळजी. जून १९५९ मध्ये एक्सप्रेसवे बांधायला सरकारी महामंडळ निघालं. हातात होती पाच वर्षं.

पाच वर्षांत भर शहरात जमीन कशी मिळवणार? मालक शोधा, भाव ठरवा, कोर्टात जा, लोकांना दुसरीकडे घरं द्या. यातच पाच वर्षं संपतील. मग इंजिनिअरांचं लक्ष गेलं पाण्याकडे. टोकियो म्हणजे जुनं एदो, कालव्यांचं शहर. मालाची ने-आण होड्यांतून व्हायची. नदी सरकारी, कालवा सरकारी. तिथे घरमालक नाही, भाडेकरू नाही, भरपाई नाही. शिवाय त्या काळात त्या नद्यांत सांडपाणी सोडलं जायचं, वास मारायचा. ती झाकली म्हणून कोण रडणार? युद्धानंतर काही कालवे तर शहरातला राडारोडा टाकूनच बुजवले होते.

म्हणून सी-वनचा बराचसा भाग पाण्याच्या वाटेनेच गेला. कुठे नदीत खांब रोवून वरून फ्लायओव्हर नेला: निहोनबाशी नदीवर एका बाजूला, फुरुकावा नदीवर दुसऱ्या बाजूला. कुठे पाणी काढून टाकून कोरड्या पात्रातच डांबर घातलं. गिंझात आपण जे खाली उतरलो ना, ते त्सुकिजी नदीच्या पात्रात उतरलो. डोक्यावरचे पूल हे त्या नदीवरच्या पुलांच्याच जागी आहेत. आणि आता ५० च्या मर्यादेचं उत्तर: नदी वळते तसा रस्ता वळतो. पाण्याला वळायला काही वाटत नाही, गाडीला वाटतं. (पुण्याच्या श्रोत्यांना नदीपात्रातला रस्ता आठवला असेल. आपल्याकडे निदान पावसाळ्यात नदी येऊन आपली जागा परत मागते.)

पहिला साडेचार किलोमीटरचा तुकडा, क्योबाशी ते शिबाउरा, २० डिसेंबर १९६२ ला सुरू झाला. पूर्ण वर्तुळ १९६७ मध्ये जुळलं. कामाचा वेग बघा! माझ्या मते त्या इंजिनिअरांना नुसत्या शिव्या घालणं बरोबर नाही. अमेरिकेत त्याच वर्षांत शहरी हायवेंसाठी गरिबांच्या, विशेषतः काळ्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या. टोकियोने घरांऐवजी नदी दिली.

पण ती देताना एक गोष्ट झाली. निहोनबाशी, शब्दशः ‘जपानचा पूल’. १६०३ मध्ये इथे पहिला लाकडी पूल बांधला गेला आणि एदोहून निघणाऱ्या पाच मोठ्या रस्त्यांची अंतरं इथून मोजली जाऊ लागली. हिरोशिगे या चित्रकाराची तोकाइदो रस्त्यावरची प्रसिद्ध चित्रमालिका याच पुलापासून सुरू होते. आजचा दगडी पूल १९११ चा. त्यावर कोरलेली नावाची अक्षरं शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू याच्या हातची. या पुलाने १९२३ चा भूकंप सोसला, १९४५ चे बॉम्ब सोसले. आणि १९६३ मध्ये त्याच्या डोक्यावर, अगदी हाताच्या अंतरावर म्हणावं असा, एक्सप्रेसवे येऊन बसला. पुलाच्या मधोमध रस्त्यात बसवलेली शून्य किलोमीटरची ब्राँझची खूण आहे. तिच्यावरही सावली.

पुढची चाळीस वर्षं स्थानिक लोक ‘आमचं आकाश परत द्या’ म्हणत राहिले. २००५ मध्ये पंतप्रधान कोइझुमींनी तज्ज्ञांना कामाला लावलं, दुसऱ्या वर्षी त्यांचा प्रस्ताव आला, आणि मग बरीच वर्षं तो पडून राहिला. अखेर निर्णय झाला तो बराचसा रस्ता म्हातारा झाल्यामुळे. रोज सुमारे एक लाख गाड्या झेलून झेलून फ्लायओव्हर झिजला होता. नाहीतरी नव्याने बांधायचाच, तर खाली का नको? मे २०२१ मध्ये निहोनबाशीजवळचे दोन चढ-उतार बंद झाले. कांदाबाशी ते एदोबाशी हा सुमारे १.८ किलोमीटरचा पट्टा नवा होणार, त्यातला मोठा भाग बोगद्यात. बोगदा २०३५ मध्ये, वरचा फ्लायओव्हर काढून होईल २०४० पर्यंत. अंदाजे खर्च ३२ हजार कोटी येन. पाण्यावरची फुकटची जागा शेवटी एवढ्याला पडली.

शेजारचा दोन किलोमीटरचा केके लाइन नावाचा रस्ता तर भलताच मजेशीर होता. एका खासगी कंपनीने जुने खंदक नि कालवे बुजवून तो बांधला, खाली दुकानं काढली आणि दुकानांच्या भाड्यावर रस्ता चालवला. टोल शून्य! एप्रिल २०२५ मध्ये तो गाड्यांना बंद झाला, आता तिथे चालायला उंचावरची बाग करायची आहे.

मला खटकतं ते वेगळंच. आकाश परत मिळतंय कुणाला? निहोनबाशीला. तिथे बँक ऑफ जपान आहे, मित्सुकोशीचं मुख्य दुकान आहे, बड्या बिल्डरांची ऑफिसं आहेत आणि नदीकाठी नवे टॉवर उभे राहताहेत. फुरुकावाच्या डोक्यावरचा सी-वन मात्र तसाच राहणार, कारण त्या नदीला हिरोशिगे मिळाला नाही. सोलने २००३ ते २००५ मध्ये चोंग्येचोन ओढ्यावरचा फ्लायओव्हर पाडला आणि बदल्यात बोगदाही बांधला नाही. टोकियोला ते धाडस झेपलं नाही, असं मला वाटतं. बाहेरून २०१५ मध्ये सुमारे ४७ किलोमीटरचं सी-टू वर्तुळ पूर्ण झालं, नुसत्या शहरातून पलीकडे जाणाऱ्या गाड्या तिकडे वळल्या, तरीही.

उलट बाजूचेही लोक आहेत. त्यांना हा काँक्रीटचा गुंता साठच्या दशकाची खूण म्हणून आवडतो. तारकोव्स्कीने १९७२ च्या ‘सोलारिस’मध्ये भविष्यातलं शहर दाखवायला याच जाळ्यातले रस्ते वापरले. म्हणजे सेट बांधावा लागलाच नाही.

कुणी टोकियोला जाणार असाल तर पुलाच्या पायथ्याशी २०११ पासून होड्यांचा धक्का आहे. तिकीट काढा, होडी फ्लायओव्हरच्या खालून जाते. पाण्यात रोवलेले खांब, वर टायरांचा आवाज, आणि मधल्या फटीतून दिसणारं आकाश. २०४० च्या आधी जा, नंतर यातलं निम्मं दिसणार नाही. चला, भेटू पुढच्या भागात!