ट्रायक्लोसान व गर्भस्थ शिशू

ट्रायक्लोसान : जंतुनाशक साबण, हात धुण्याचे द्रव, टूथपेस्ट इत्यादींत वापरले गेलेले क्लोरीनयुक्त संयुग. जीवाणूंना मेदाम्ले बनवण्यासाठी लागणारे एक एंझाइम ते बंद पाडते. 1970च्या दशकाच्या आरंभी ते रुग्णालयांत आले व पुढे घरोघरच्या न्हाणीघरांत पोहोचले. वडीच्या साबणात प्रामुख्याने ट्रायक्लोकार्बान हे त्याच्यासारखेच रसायन असे. याआधी वापरात असलेल्या हेक्साक्लोरोफिन या जंतुनाशकाचा इतिहास भीषण आहे. 1972 मध्ये फ्रान्समध्ये ते चुकून अतिप्रमाणात मिसळलेली पावडर लावल्याने 36 बालके दगावली.

ट्रायक्लोसान त्वचेतून व तोंडावाटे शरीरात शिरते आणि बरेचसे एक-दोन दिवसांत मूत्रावाटे निघून जाते. रोजच्या वापराने मात्र त्याची भर पडतच राहते. वार त्याला पूर्णपणे अडवत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गर्भवतींच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या सर्व मूत्रनमुन्यांत आणि नाळेतील रक्ताच्या सुमारे निम्म्या नमुन्यांत ते आढळले.

उंदरांमध्ये ते थायरॉक्सिन या अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाची पातळी उतरवते. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. चिंतेचे मूळ तिथे आहे. माणसांतील पुरावा एवढा ठाम नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स आणि अमेरिकेतील सिनसिनाटी येथील अभ्यासांत आईच्या मूत्रातील अधिक प्रमाणाचा नवजाताच्या डोक्याच्या किंचित कमी घेराशी संबंध दिसला, इतर काही अभ्यासांत तो दिसला नाही. रसायन झपाट्याने बाहेर पडत असल्यामुळे एखाददुसऱ्या नमुन्यावरून नऊ महिन्यांचा संपर्क मोजणे मुळातच कच्चे ठरते. शिवाय कोण कोणता साबण वापरते, हे राहणीमानावरही ठरते आणि राहणीमानाचा बाळाच्या वजनावर स्वतंत्र परिणाम होतो. त्यामुळे या आकड्यांवरून आजाराचे भाकीत करणे घाईचे आहे. ते निर्धास्त करणारेही नाहीत.

सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बान यांच्यासह 19 घटक बाद केले. गर्भाला अपाय सिद्ध झाला, हे त्यामागचे कारण नव्हते. हे साबण दीर्घकाळ वापरण्यास सुरक्षित आणि साध्या साबणापेक्षा सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. टूथपेस्ट व रुग्णालयीन उत्पादने या निर्णयाबाहेर राहिली.