ऋषीची भाजी : नांगराविना उगवलेले अन्न

१/ भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पानात उकडीचे मोदक असतात. दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, महाराष्ट्रातील अनेक घरांत त्याच पानात ऋषीची भाजी येते : फोडणी नाही, मसाला नाही. मुले नाक मुरडतात. तीच मुले चाळिशीला आली की मंडईत अळू-सुरण शोधत फिरतात. असे का होते? 🧵

२/ या दिवसाचा दंडक असा की, बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही. गहू, ज्वारी, तूर वर्ज्य. उरते ते परसातले आणि कुंपणावरचे : अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळी, भेंडी, कच्ची केळी, आंबटपणाला अंबाडे किंवा चिंच, वरून ओले खोबरे. फोडणी नसण्यामागेही हाच दंडक दिसतो. तेल घाण्यातून येई, आणि घाणा बैल ओढी.

३/ यामागची कल्पना प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या ६ व्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतील अन्न निषिद्ध आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्याच अंकात दुष्यंत तपोवन ओळखतो, ते झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांसारख्या खुणांवरून. नीवार म्हणजे न पेरता उगवणारे भात; मराठीत देवभात.

४/ व्रताच्या कथेत बैल प्रत्यक्षच येतो. एका घरातील मृत आईवडील पुढच्या जन्मी मुलाच्याच दारी कुत्री आणि बैल होऊन येतात. श्राद्धाच्या दिवशी सापाने विष टाकलेली खीर कुत्री बाटवते, घरादाराचे प्राण वाचवते आणि मार खाते. बैल दिवसभर उपाशी राबतो. रात्री दोघांचे बोलणे मुलाच्या कानी पडते.

५/ कथेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. आईचा ‘दोष’ म्हणून कथा सांगते तो मासिक पाळीतील विटाळ, आणि व्रत त्याचे प्रायश्चित्त. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी हा भार वाहिला. आज अनेक घरांनी प्रायश्चित्त सोडले आणि भाजी ठेवली. ती आता सारे घर खाते.

६/ भाजीही जुनीच्या जुनी राहिलेली नाही. तिच्यातील मक्याचे कणीस, लाल भोपळा आणि हिरवी मिरची मूळची अमेरिका खंडातील. १४९२ नंतरच्या समुद्री व्यापारातून ती इकडे आली. सप्तर्षींना ती ठाऊक असणे शक्य नव्हते. नैवेद्याने मात्र त्यांना परके मानले नाही.

७/ मुलांच्या तक्रारीत तथ्य असते. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट शिजले नाहीत तर घसा खाजतो. म्हणून चिंच किंवा अंबाडे हवेतच. मसाला नसल्याने प्रत्येक भाजीची चव वेगळी लागते. ती ओळखायला जिभेला वेळ द्यावा लागतो.

८/ कथेतील मुलगाही मोठेपणीच शहाणा होतो. आपले अन्न कोणाच्या उपाशी श्रमांवर पिकले, हे त्याला एका रात्री समजते. ऋषीची भाजी वर्षातून एकदा तीच आठवण ताटात वाढते. लहानपणी ती अळणी लागते. राबून थकणारी आई ध्यानात येऊ लागली, की तिची गोडी कळते.