काचेची टाकी आणि हौशी मासेमार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास सांगताना साधारणतः दोन वर्गांचा उल्लेख होतो. पहिला वर्ग निसर्गअभ्यासकांचा, तर दुसरा दिवाणखान्यात रंगीत मासे ठेवणाऱ्या व्हिक्टोरियन कुटुंबांचा. उपजीविकेसाठी नव्हे तर छंद म्हणून, काठी व गळ घेऊन नदीकाठी बसणारा हौशी मासेमार या इतिहासात क्वचितच आढळतो. वास्तविक, पाण्यातील मासा काय करतो हे जाणून घेण्याची सर्वाधिक निकड त्यालाच होती. ज्याला मासा धरावयाचा आहे त्याला माशाचे मन ओळखणे क्रमप्राप्त असते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. मासे कोठे राहतात, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, गळाची दोरी कशी असावी याचे त्यातील विवेचन पाहता ही जिज्ञासा किती जुनी आहे हे ध्यानात येते. सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

तथापि काठावरून केलेल्या निरीक्षणाला एक मर्यादा असते. पाण्याचा पृष्ठभाग चमकतो आणि माणसाची सावली पडताच मासा दूर पळतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी हौशी मासेमारांनी काचेचा आधार कसा घेतला आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात प्रामुख्याने इंग्लंडच्या संदर्भात घेतला आहे.

नदीकाठची झोपडी

आल्फ्रेड रोनाल्ड्स याचा 'द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी' हा ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्रिम माशी लावून ट्राउट धरणाऱ्यांसाठी तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइद नदीच्या काठी रोनाल्ड्सने एक लहानशी झोपडी उभारली होती व तिच्यातून तो खालच्या प्रवाहातील ट्राउटचे निरीक्षण करीत असे. मासा माणसाचे बोलणे ऐकतो काय, हा मासेमारांतील जुना वाद होता. त्याचा निर्णय लावण्यासाठी रोनाल्ड्सने माशांना दिसणार नाही अशा आडोशातून बंदुकीचे बार काढवले. ट्राउट जागचे हलले नाहीत. दुसरा प्रयोग चवीसंबंधी होता. अंगावरील खुणेने ओळखू येणाऱ्या एका ट्राउटकडे त्याने नळीतून फुंकर मारून प्रथम दहा मेलेल्या घरमाश्या टाकल्या, आणि त्यानंतर तिखट व मोहरी माखलेल्या तीस. माशाने त्या सर्व गिळल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा नेहमीप्रमाणे खाण्यास हजर होता.

या प्रयोगात विनोदाचा भाग आहेच. परंतु त्याचे खरे महत्त्व वेगळे आहे. शतकानुशतके सांगोवांगी चालत आलेल्या समजुतींऐवजी एका विशिष्ट, ओळखीच्या माशाला प्रश्न विचारण्याची पद्धत येथे दिसते. मात्र रोनाल्ड्सचा मासा नदीतच होता व तो मासा केवळ वरून पाहत होता.

टाकी घरात येते

मासा घरात जिवंत ठेवणे हे त्या काळी कठीण काम होते. भांड्यातील पाणी वारंवार न बदलल्यास मासे गुदमरून मरत. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली, परंतु मूळ अडचण रसायनशास्त्राची होती. ती रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोडविली. त्याने १२ गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजकी पाने पाणी गढूळ करू लागली तेव्हा त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला व पाणी निवळले. वनस्पती प्राणवायू पुरवते, प्राण्यांची उत्सर्गद्रव्ये वनस्पतीला पोसतात आणि सफाई गोगलगाय करते, हा समतोल वॉरिंग्टनने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. त्यानंतर घरोघरी टाक्यांची लाट उसळली आणि दशकभरातच ओसरलीही. समुद्रकिनाऱ्यावरील खडकांतील जीवसृष्टीची या लाटेत मोठी लूट झाली, याची खंत गॉसच्या मुलाने पुढे नोंदविली आहे.

मासेमारांचा मार्ग वेगळा होता. त्यांना शोभेचे मासे नको होते. नदीतील ट्राउट व सामन हवे होते. प्रदूषण व बांध यांमुळे हे मासे इंग्लंडच्या नद्यांतून घटत चालले होते. 'द फील्ड' या साप्ताहिकाचा मासेमारीविषयक संपादक फ्रान्सिस फ्रान्सिस आणि निसर्गअभ्यासक फ्रँक बकलंड यांनी १८६३ मध्ये मत्स्यसंवर्धनावर स्वतंत्र पुस्तके प्रसिद्ध केली. त्याच सुमारास बकलंडने या साप्ताहिकाच्या लंडनमधील कचेरीच्या खिडकीत माशांची अंडी उबविण्याची यंत्रणा मांडली. रस्त्यावरून जाणारा लंडनकर तेथे थांबून अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू पाहू शकत असे. १८६४ मध्ये बर्फ व शेवाळ यांत गुंडाळलेली अंडी 'नॉरफोक' या जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे गेली व तेथून टास्मानियाला पोचली. सामन तेथे रुजला नाही, मात्र सोबत पाठविलेल्या मोजक्या अंड्यांतून ट्राउट रुजला. १९०० मध्ये काश्मीरमध्ये ट्राउट आला तो अशाच अंड्यांच्या रूपाने, मासेमारीच्या हौसेपोटी. ज्या प्रवाहांत तो सोडला गेला तेथील मूळच्या माशांचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नाही.

माशाच्या डोळ्यांनी

विसाव्या शतकात टाकीचा उपयोग पालटला. मासा कसा दिसतो, यापेक्षा माशाला काय दिसते, हा प्रश्न पुढे आला. इप्सविच येथील डॉक्टर फ्रान्सिस वॉर्ड याने तळ्याच्या पातळीखाली काचेची भिंत असलेली अंधारी निरीक्षणखोली बांधली. निरीक्षक अंधारात असल्याने माशाला तो दिसत नसे. तेथे टिपलेली छायाचित्रे त्याच्या १९११ च्या पुस्तकात आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड हेविट याने काचेच्या टाकीतून, खालच्या बाजूने, पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माश्यांची छायाचित्रे घेतली. इंग्लंडमध्ये कर्नल हार्डिंग याचा ग्रंथ १९३१ मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच 'ट्राउटचा दृष्टिकोन' हे शब्द आहेत.

या सर्वांच्या मुळाशी प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. मासा १ फूट खोल असेल तर पृष्ठभागावरील ही 'खिडकी' सुमारे सव्वादोन फूट व्यासाची असते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा तळाचे प्रतिबिंब दाखवितो. म्हणून प्रवाहाबरोबर वाहत येणारी माशी ट्राउटला प्रथम माशी म्हणून दिसतच नाही; तिच्या पायांनी पृष्ठभागाला पडलेल्या खळग्यांचे प्रकाशबिंदू तेवढे आरशात चमकतात. पंख व रंग खिडकीच्या कडेशी आल्यावरच दिसू लागतात. पिढ्यानपिढ्या पिसांच्या छटांवर वाद घालणाऱ्या मासेमारांना हा निष्कर्ष धक्का देणारा होता. व्हिन्सेंट मॅरिनारो यांनी १९७६ मध्ये तिरप्या टाकीच्या साहाय्याने आणि ब्रायन क्लार्क व जॉन गॉडर्ड यांनी १९८० मध्ये याच दिशेने काम पुढे नेले.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. टाकीतील छायाचित्रात जे दिसते ते कॅमेऱ्याच्या भिंगाला दिसलेले असते. लहान ट्राउटच्या डोळ्यांत अतिनील प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी असतात. कॅमेऱ्याचे भिंग असे पाहत नाही. शिवाय हाताने खाद्य मिळणारा मासा थोड्याच दिवसांत माणसाळतो, आणि प्रवाहाशी झगडणारा मासा व स्थिर पाण्यातील मासा यांची भूक एक नसते. मासेमार लेखकांनी प्रकाशाचे गणित अचूक मांडले, परंतु त्यावरून माशाच्या 'निवडी'विषयी काढलेले त्यांचे अनुमान तितक्या पक्क्या पायावर उभे नाही.

टाकीचा उलटा प्रश्न

२००३ मध्ये याच काचेतून मासेमारांना नको असलेला प्रश्न समोर आला. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट व मायकेल जेंटल यांनी स्कॉटलंडमध्ये रेनबो ट्राउटवर केलेले संशोधन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माशाच्या डोक्यावरील व तोंडाभोवतीच्या ५८ संवेदनाग्राहींपैकी २२ ग्राही इजा ओळखणारे असल्याचे त्यांना आढळले. ओठांत मधमाशीचे विष वा सौम्य आम्ल टोचलेल्या माशांना खाद्याकडे पुन्हा वळण्यास इतरांपेक्षा बराच अधिक वेळ लागला; आम्ल टोचलेले काही मासे ओठ टाकीच्या खड्यांवर व भिंतींवर घासत राहिले. वेदनेच्या जाणिवेसाठी आवश्यक असा मेंदूचा बाह्यस्तर माशांना नसतो, असे जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये प्रतिपादन केले होते, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र रोनाल्ड्सच्या तिखट लावलेल्या माश्यांपासून या प्रयोगापर्यंत पाहता, विचारणारे बदलले असले तरी माशाचे तोंड तेच आहे.

कायद्याने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते चमत्कारिक म्हणावे लागेल. इंग्लंड व वेल्ससाठी २००६ मध्ये संमत झालेल्या प्राणी कल्याण कायद्याच्या कक्षेत सर्व पृष्ठवंशीय प्राणी येतात. त्यामुळे घरातील टाकीत ठेवलेल्या ट्राउटला अनावश्यक यातना देणे हा गुन्हा ठरतो. त्याच कायद्याचे ५९ वे कलम मात्र मासेमारीच्या नेहमीच्या ओघात घडणारी प्रत्येक गोष्ट कायद्याच्या बाहेर ठेवते.