गुलाबाचं अत्तर आणि नूरजहाँची आई

ईदगाहला निघताना अब्बा माझ्या कानाच्या खोबणीत अत्तराचा फाया ठेवायचे. ती कुपी अजून आमच्या कपाटात आहे. शेजारी आता लव्हेंडर आणि निलगिरीच्या तेलाच्या बाटल्याही आल्यात. मुलगी त्याला अरोमाथेरपी म्हणते. हा शब्द गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या १९३७ च्या पुस्तकामुळे रूढ झाला. गोष्ट मात्र फार जुनी आहे.

वर्गात मी कित्येक वर्षं सांगत आलो की गुलाबाचं अत्तर नूरजहाँने शोधलं. हौदात गुलाबपाणी भरलं, उन्हाने वर तेल तरंगलं वगैरे. मुलांना गोष्ट आवडायची. मग ‘तुझुक-ए-जहाँगिरी’चा उर्दू तर्जुमा वाचायला घेतला आणि ओशाळलो. जहाँगीर स्वतः लिहितो की हा शोध नूरजहाँच्या आईचा, अस्मत बेगम यांचा. त्या गुलाबपाणी करत होत्या. गरम गुलाबपाणी भांड्यात ओतलं की वर तवंग धरायचा. वाफेबरोबर पाकळ्यांतलं तेल येतं आणि पाण्याहून हलकं म्हणून वर राहतं. तो तवंग त्यांनी जरा जरा करून गोळा केला. एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मजलिस दरवळते, खचलेल्या मनाला उभारी येते, असं बादशहा सांगतो. (अरोमाथेरपीवाले याहून वेगळं काय सांगतात?) त्याने अस्मत बेगमना मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगम यांनी या अत्तराला नाव दिलं, ‘इत्र-ए-जहाँगिरी’. शोध एका बाईचा, नाव ठेवणारीही बाई, आणि नाव बादशहाचं!

आपल्याकडच्या मेसेजांत हे सगळं श्रेय इब्न सीनाला देऊन टाकतात. पण त्याच्या आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदीने अत्तरांच्या शंभराहून जास्त कृती लिहून ठेवल्या होत्या. आणि सुगंध फक्त आपलाच, असंही कुणी समजू नये. संस्कृतात ‘गंधसार’ आहे, आणि ‘गंधवाद’ तर मराठी टीकेसह. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी त्या पोथीचा अभ्यास केला.

अब्बांचं अत्तर कनौजचं, चंदनाच्या तेलात उतरवलेलं, म्हणून थेट अंगाला लावता यायचं. बाटलीतलं नुसतं तेल मुलीने तसंच मनगटाला चोळलं आणि लाल चट्टे उठले. आता चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंब घालते. पोटात घ्यायचं नाही, लहान मुलांपासून दूर ठेवायचं, हे अम्मीने बाटली न वाचताच सांगितलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आग्र्याला इतिमाद-उद-दौलाचा मकबरा पाहिला होता. आत पिवळसर दगडाच्या दोन कबरी शेजारी शेजारी आहेत. गाईड मिर्झा गियास बेगबद्दलच बोलत राहिला आणि मीही दुसऱ्या कबरीबद्दल विचारलं नाही. ती अस्मत बेगम यांची. त्यांच्या नावाने फातेहा मी पढला तो ‘तुझुक’ वाचल्यावर, घरी.