जुन्या फोर-बाय-फोर जीपचं आतलं काम: कुठून सुरू करावं, काय टाळावं

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पावसाच्या पट्ट्यात जुनी फोर-बाय-फोर जीप अजूनही रोजच्या कामाची आहे. पाड्यावरचा चिखलाचा रस्ता असो, दुधाचे कॅन असोत की शेतातली खताची पोती, दोन चाकांवर ओढणारी गाडी जिथं फसते तिथं ही निघून जाते. पण अशा गाडीला पैसा लागतो तो बहुतेक इंजिनाला आणि टायरला. आतल्या बाजूकडं कुणी बघत नाही. मॅटखालचा पत्रा सडतो, वायरी उघड्या पडतात, सीटचे बोल्ट ढिले होतात. मग एक दिवस मालक गाडी थेट कुशनवाल्याकडं नेतो, नवं रेक्झिन चढवतो, आणि दोन पावसाळ्यांत सगळं परत जागेवर येतं. आतलं काम कोणत्या क्रमानं करावं आणि त्यात धोका कुठं आहे, याची ही माहिती.

गाडी कोणती

आपल्याकडं दिसणाऱ्या बहुतेक जुन्या जीप महिंद्राच्या आहेत. मूळ घाट अमेरिकेतल्या विलीज जीपचा. एमएम ५४० हे मॉडेल १९८५ मध्ये आलं. त्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीत आणि गाड्यांचा नाशिकला असल्यानं या गाड्या जाणणारे मिस्त्री जिल्ह्यात अजून सापडतात. पत्र्याची बॉडी (टप) आणि चेसी वेगवेगळी असते. टप चेसीवर रबरी बुश आणि बोल्ट यांच्यावर बसतो. त्यामुळं आतलं जवळपास सगळं काम चेसीला हात न लावता होतं.

आधी कागद, मग पाना

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. आरसी संपलेली असेल तर आतल्या कामावर खर्च करण्याआधी नूतनीकरण होईल का, हे विचारून घ्यावं. लष्कराच्या लिलावातली जीप असेल तर इंजिन नंबर, चेसी नंबर आणि कागद जुळतात का, हे डोळ्यानं पाहावं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बसत नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. सीटचं कुशन बदलणं, मॅट टाकणं, सडलेला पत्रा तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. पण आरसीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त सीटा बसवणं किंवा टप कापून लांब करणं हा बदल झाला. असा बदल पासिंगच्या वेळी अडतो आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण होते. रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

कामाचा क्रम

क्रम चुकला की पैसा दोनदा जातो. सरळ क्रम असा: पाणी कुठून येतं ते शोधणं, आतलं सगळं काढणं, पत्रा, रंग, वायरिंग, आवाज-उष्णतेचं अस्तर, सीटा, आणि शेवटी हूड. काम उन्हाळ्यात धरावं आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत संपवावं. दमट हवेत घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, मग त्यावर कितीही चांगला रंग मारला तरी तो आतून उचलतो.

काढताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहावं. वायर कापण्याआधी तिला चिकटपट्टीचं लेबल लावावं. एक दिवसाचं हे काम पुढं चार दिवस वाचवतं.

पाणी आणि पत्रा

जीपचा तळ पावसात भिजून सडतो त्यापेक्षा भिजलेला राहून जास्त सडतो. पाणी काचेच्या चौकटीखालच्या रबरातून, वायपरच्या भोकांतून आणि हूडच्या कडेनं आत येतं, मॅटखाली जातं आणि तिथंच बसतं. मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकून बघावा. टणक आवाज आला तर पत्रा चांगला, बद्द आला तर टोकानं दाबून पाहावं. टोक आत गेलं तर तेवढा भाग कापायचाच. पेडलखालची जागा, सीटच्या बोल्टांच्या बाजू आणि मागच्या चाकांवरचे खोके आधी बघावेत.

सडलेल्या पत्र्यावर वरून दुसरा पत्रा रिव्हेट करणं ही सगळ्यात चालू पद्धत आणि सगळ्यात वाईट. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि चांगला भागही जातो. चांगला धातू लागेपर्यंत कापून १६ किंवा १८ गेजच्या सीआर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा. सलग वेल्ड मारला तर पत्रा तापून वाकतो, म्हणून थोडं इथं थोडं तिथं टाके मारत जावं. जीआय पत्रा वापरू नये. त्याच्यावरचं जस्त जळून निघणारा धूर छातीला वाईट असतो. आणि टप कधीही चेसीला वेल्ड करू नये. बुश गेले असतील तर नवे टाकावेत.

वेल्डिंगआधीची खबरदारी

सगळ्यात मोठा धोका इथं आहे. विलीजच्या घाटाच्या अनेक जुन्या जीपमध्ये डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी रिकामी केली म्हणजे झालं, असं समजू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकी खोलून गाडीपासून लांब ठेवावी आणि पाइपांची तोंडं बंद करावीत. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर सोडावी, नाहीतर वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटरचे डायोड जातात. तळाखालून जाणारा ब्रेकचा पाइप आणि वायरी बाजूला कराव्यात. सीटचा फोम, जुनी मॅट काहीही आत राहू देऊ नये. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलेंडर हाताशी असावा. वेल्डर निघून गेल्यावरही अर्धा तास कुणीतरी गाडीजवळ थांबावं. आग बहुतेक वेळा सगळे चहाला गेल्यावर लागते.

पत्रा झाला की तारेच्या ब्रशनं गंज काढून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. सांध्यांत सीलर भरावा, वर रंग, खालच्या बाजूला डांबरी कोटिंग. गंजावर थेट कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि वाढतो. तळाची पाणी जायची भोकं वेल्डिंगमध्ये बुजवू नयेत, त्यांना रबरी बुचं लावावीत.

वायरिंग

जुन्या जीपमध्ये वायरी मूळच्या थोड्या आणि नंतर जोडलेल्या जास्त असतात. हॉर्न, टेप, फॉग लाइट, प्रत्येकाचा जोड वेगळ्या हातानं मारलेला. त्यात गाडीत धान्य, भाताचा पेंढा सांडत असेल तर उंदीर येतात आणि वायरीचं कव्हर कुरतडतात. तळ उघडा असतानाच हार्नेस नवीन ओढून घ्यावा.

हेडलाइटचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून फिरवला की स्विच तापतो आणि उजेड पिवळा पडतो. त्यासाठी रिले लावावा. स्विच फक्त रिले चालू करतो, बल्बचा करंट बॅटरीकडून थेट जातो. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलीमीटरची वायर पुरते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा घालणं म्हणजे आग लावून घेणं.

जुन्या डॅशबोर्डवर अँपिअरमीटर असेल तर चार्जिंगचा करंट त्याच्यातून जातो. मोठा अल्टरनेटर बसवला की मीटरची वायर तापते. त्याऐवजी व्होल्टमीटर लावावा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू असताना काटा १३.८ ते १४.४ मध्ये हवा. ऑइल प्रेशर आणि तापमानाचे काटे चालू करून घेणं हा टेपपेक्षा जास्त उपयोगाचा खर्च आहे. सगळे काटे एकदम वेडेवाकडे नाचत असतील तर मीटर बदलण्याआधी डॅशबोर्डची अर्थ तपासावी. नव्या रंगामुळं अर्थ तुटणं नेहमीचं आहे.

काही जुन्या डिझेल जीपमध्ये चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, त्यासाठी डॅशबोर्डवर ओढायची वेगळी केबल असते. डॅशबोर्ड बसवताना ती केबल मुरडली तर इंजिन बंदच होणार नाही. बसवून झाल्यावर आधी ती ओढून बघावी.

आवाज, उष्णता, धूर

या गाडीत आवाज पूर्ण जात नाही, कमी होतो. रंगवलेल्या तळावर गिअरबॉक्सच्या वरच्या भागात आणि पेडलांच्या मागच्या पत्र्यावर अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीट रोलरनं दाबून चिकटवावी. सगळा तळ झाकायची गरज नसते, मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध तुकडे लावले तरी कंप कमी होतो. छतावर गळती थांबवायची डांबरी शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात ती पातळ होते आणि वास मारते. शेतात चालणाऱ्या गाडीला नमदा किंवा कार्पेट लावू नये, ते पाणी धरून ठेवतं. उचलून झटकता येईल अशी सुटी रबरी मॅट बरी.

गिअरच्या दांड्यांची रबरी बूट फाटलेली असतील तर तिथून उष्णता, धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो. हूड चारी बाजूंनी बंद करून पावसात गाडी चालवताना हा धूर जिवावर बेतू शकतो. बूट नवी टाकावीत, तळाचं प्रत्येक भोक ग्रोमेटनं बंद करावं आणि सायलेन्सरचे जोड तपासावेत.

जुन्या जीपमध्ये मुख्य गिअरशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असतात, एक फोरव्हीलची आणि दुसरी लो-हायची. जाड मॅट, नवं कन्सोल किंवा डबा यांना दांडी अडली तर गिअर पूर्ण पडत नाही आणि ऐन चढावर सुटतो. मॅट कापल्यावर प्रत्येक दांडी शेवटपर्यंत जाते का, हे मोकळ्या मैदानात बघावं. फोरव्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवू नये, पुढच्या-मागच्या चाकांची ओढ एकमेकांत अडकते.

सीटा आणि बेल्ट

जुनं कव्हर फेकू नये. उसवून तेच माप म्हणून वापरावं. फोम ४० डेन्सिटीचा घ्यावा, हलका फोम वर्षभरात बसतो. खालची फळी प्लायची असेल तर ती पाण्याला टिकणारी असावी. रेक्झिन साधारण ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. ते पाण्याला चांगलं पण उन्हात भाजतं. म्हणून रेक्झिनवर धुता येईल असं सुती कव्हर शिवून घेणारे बरेच आहेत. सीट उंच झाली तर गुडघे स्टिअरिंगला लागतात, म्हणून पक्की करण्याआधी बसून क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबून बघावा.

बेल्ट नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून लावला तर झटक्यात बोल्ट पत्रा फाडून निघतो. तळाखाली किमान ३ मिलीमीटर जाडीची प्लेट टाकून बेल्टसोबत येणारे ७/१६ इंची बोल्टच वापरावेत. सीटच्या बोल्टांनाही खालून मोठे वॉशर द्यावेत. नव्या तळाचा खरा उपयोग इथं कळतो. सडलेल्या पत्र्यावर बेल्ट असून नसल्यासारखा.

ताबा घेण्याआधी

मिस्त्रीला पूर्ण पैसे देण्याआधी काचेवर आणि दारांवर पाइपनं दहा मिनिटं पाणी सोडून आत ओल येते का, ते बघावं. सगळे लाइट एकदम लावून पाच मिनिटांनी वायरींना हात लावावा, गरम लागायला नको. खडबडीत रस्त्यावर वीस किलोमीटर चालवून सीटचे, बेल्टचे आणि टपाचे बोल्ट परत आवळावेत. मजुरी आणि सामान यांचा हिशोब वेगळा लिहून घ्यावा आणि बिलं जपून ठेवावीत, पासिंगला आणि गाडी विकताना दोन्हीकडं ती कामाला येतात.

पैसा कमी असेल तर पत्रा, वायरिंग आणि बेल्ट ही तीन कामं यंदा करावीत. रेक्झिन पुढच्या वर्षी आलं तरी चालतं.