सहीचें बक्षीस

मजूरसंघानें करार मान्य करतांच कामगारांना एकरकमी बक्षीस देण्याची चाल अमेरिकेंत आहे. पगारवाढ दरवर्षीं पदरीं पडते. हें बक्षीस एकदांच.

२०१३ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील यंत्रकामगारांना बोइंग कंपनीनें १०,००० डॉलर देऊं केले. अट अशी कीं, निवृत्तिवेतन गोठवून त्याऐवजीं बचतखातें घ्यावें; नाहींतर नवें विमान अन्यत्र बांधलें जाईल. नोव्हेंबरांत कामगारांनीं नकार दिला. जानेवारी २०१४ मध्यें सुधारलेला करार अवघ्या ५१ टक्के मतांनीं मान्य झाला.

२०२४ सालीं सात आठवड्यांच्या संपानंतर चार वर्षांत ३८ टक्के वाढ व १२,००० डॉलर मिळाले; गेलेलें निवृत्तिवेतन मात्र परत आलें नाहीं. रोकड सरते, सही राहते.