कुकडीकाठची पांढरी राख

इतिहास म्हटला की आपल्याला बखरी, ताम्रपट, शिलालेख आठवतात. सांडोरपासून जवळच असलेला वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतला, हे शाळकरी मूलही सांगते. पण लिहिणारा कोणी नव्हता, त्या काळाची तारीख काढायची कशी? आज मी ज्या तारखेविषयी बोलणार आहे, ती शाईने नव्हे, राखेने लिहिलेली आहे.

वसईकडे बावखल म्हणतात ते आपणांस ठाऊक असेल. बागायतीला पाणी पुरवणारे गोड्या पाण्याचे छोटे तळे. अशा संथ पाण्याच्या तळाशी दर पावसाळ्यात गाळाचा एक पदर बसतो. खालचा जुना, वरचा नवा. समजा, एखाद्या वर्षी आभाळातून राख पडली, तर तिचाही एक पदर त्यात बसेल आणि पुढचा गाळ त्यावर पांघरूण घालील. ती राख कोणत्या वर्षीची हे कळले, की तिच्या खालचे सारे जुने आणि वरचे सारे नवे हे ठरले! तळ्याचा गाळ म्हणजे निसर्गाची रोजनिशीच म्हणा ना.

आता अशी राख खरोखर पडली होती का? पडली होती. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर तोबा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. जमीन खचून जो खळगा झाला त्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याची राख वाऱ्याबरोबर आपल्या देशावर आली. तिचा आणि आपल्या सह्याद्रीचा मात्र घोटाळा करू नका. तुंगारेश्वराच्या डोंगराचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा माणूस जन्मालाही आला नव्हता. तोबाची राख फिकट, मऊसूत. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर काचेच्या फुटक्या बुडबुड्यांसारखे धारदार तुकडे दिसतात. त्या काचेतील द्रव्यांचे प्रमाण तपासून ती कोणत्या ज्वालामुखीची हे ताडता येते.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक हे गाव आहे. तेथे कुकडीच्या काठाला अशी राख सापडली. कऱ्हेकाठी मोरगावलाही सापडली. बोरीला राखेच्या सोबतीच्या थरांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीसेट्टर आदी संशोधकांनी हा अभ्यास केला. १९८०नंतरच्या दशकात राखेचे वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे! पुढे १९९५च्या सुमारास दुसऱ्या मोजणीत ते सुमारे पावणेसात लाखांवर आले. इतर संशोधकांनी राखेची काच तपासून सांगितले की, ही तर तोबाच्या शेवटच्या स्फोटाची, पाऊण लाख वर्षांची.

कोठे १४ लाख आणि कोठे पाऊण लाख! हा नुसता पंडितांचा वाद नव्हे, बरं का. महाराष्ट्रात माणूस कधीपासून वावरतो, हा प्रश्न त्यात गुंतला आहे. राख पाऊण लाख वर्षांची असेल, तर तिच्या जोरावर हातकुऱ्हाडींना १४ लाखांचे वय देता येत नाही. त्यांचे वय वेगळ्या पुराव्याने काढावे लागते.

असा घोळ का होतो? नदी काही बावखल नव्हे. ती राख उचलते, दुसरीकडे साठवते, तीत जुन्या पाषाणाचे कण मिसळते. ते कण मोजणीत आले की वय फुगते. संथ सरोवरात हा धोका बराच कमी. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात, तोबापासून सुमारे ७,००० किलोमीटरांवर, याच स्फोटाची राख सापडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. स्फोटामुळे जगभर भयंकर थंडी पडून माणूस जवळजवळ नाहीसा झाला, असे काहींचे मत होते. पण त्या राखेच्या वरच्या-खालच्या गाळात तशा मोठ्या थंडीची खूण मिळाली नाही. आंध्रात ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली. ती बरीच सारखी आहेत, असे २००७ साली संशोधकांनी मांडले. म्हणजे संकट आले, तरी माणूस टिकून राहिला असावा.

पण त्याच ज्वालापुरमला ही राख भांडी घासायच्या पावडरीसाठी खणून नेली गेली. ज्या पानावर तारीख लिहिलेली, तेच पान फाडण्यासारखे हे झाले!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि शेतकरी मंडळींना माझे सांगणे आहे. विहीर खणताना, नदीकाठची दरड कोसळल्यावर, फिकट राखेसारखा पट्टा दिसला किंवा घडवलेला दगड आढळला, तर तो उपसून घरी नेऊ नका. थरातून निघालेले हत्यार नुसता दगड उरते. ते जसे आहे तसे राहू द्या, जागेची खूण करा, खोली लिहून ठेवा, फोटो घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. मुलांनाही तो थर जागेवरच दाखवा. खाली काय, वर काय, हे त्यांचे त्यांना वाचू द्या. इतिहासाचा याहून चांगला धडा कोणत्याही पुस्तकात मिळायचा नाही.